पेना दिलो

ऑक्टोबर लागला की आमच्या बो बासेंमधला नळ आधी खोकतो, मग गुरगुरतो आणि मग गप्प बसतो. रेडिओवर पाण्याच्या वेळा सांगतात. त्या मी कागदावर लिहून फ्रीजला चिकटवते आणि नळ त्या कागदाकडे ढुंकूनही बघत नाही. यंदाही तेच. परवा सकाळी सहाला पाणी येणार म्हणून मी पाचपासून बादल्या मांडून बसले होते. साडेसातला शेजारची मादाम, हल्ली माझ्याकडे मराठी शिकते ती, कुंपणावरून ओरडली, "पेना दिलो?" मी ओरडले, "पेना दिलो!" आणि मला असं काही हसू फुटलं की ती बिचारी दार लावून आत गेली. सत्तरीची बाई रिकाम्या बादल्यांच्या मधोमध बसून एकटीच हसतेय, हे दृश्य काही बरं नव्हे.

आमच्या क्रेओलमध्ये 'दिलो' म्हणजे पाणी आणि 'पेना' म्हणजे नाही. पाणी नाही, इतकंच आम्ही एकमेकींना सांगत होतो. मॉरिशसमध्ये राहणारा कुठल्याही जातीधर्माचा माणूस वर्षातून निदान शंभरदा हे वाक्य म्हणतो आणि त्यात हसण्यासारखं कोणाला काही सापडत नाही. पण हेच दोन शब्द अस्सल मराठी कानात शिरले की त्यांचं काय होतं, ते मी एका कोरड्या हंगामात पाहिलंय. त्या हंगामात माझ्या काकीचं शेत अगदी हातातून निसटायला आलं होतं, आणि ते निसटण्यात माझाही हात होता.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. मी बावीस वर्षांची, बो बासेंच्या एका सरकारी कचेरीत टायपिस्ट. आमचं गाव पश्चिमेच्या पट्ट्यात. बाहेरच्या लोकांना वाटतं, बेट म्हणजे सगळीकडे पाणीच पाणी. पाणी असतं खरं, पण ते चहूबाजूंनी असतं आणि खारट असतं. गोडं पाणी घेऊन येणारे ढग मधल्या डोंगरांवर रिकामे होतात आणि आमच्या बाजूला नुसते कोरडे पाहुणे म्हणून येतात, चेहरा दाखवून निघून जातात. मे ते नोव्हेंबर आमच्याकडे जमीन इतकी तापायची की अनवाणी चालणारा माणूस आपोआप नाचायला लागायचा.

माझी काकी लग्न होऊन आली ती शमें ग्रेनिएहून, दक्षिणेतून, जिथे कपडे वाळत घालायला पावसाची परवानगी घ्यावी लागते. तिचं नाव भागीरथी. सगळे तिला भागूकाकी म्हणायचे. एवढं गंगेचं नाव घेऊन बाई आमच्या कोरड्या गावात आली आणि पुढे आयुष्यभर आम्हाला सांगत राहिली की माझ्या माहेरी बेडकांना सर्दी होते. काका लवकर गेले. मूलबाळ नव्हतं. काकीपाशी उरला कमरेचा विळा, कांदा लावायचा हात आणि अर्ध्या एकराचा एक तुकडा. तो तुकडाही तिचा नव्हता. तो कोठीचा, म्हणजे साखरेच्या इस्टेटीचा.

मग आली योजना. दोन सरकारांनी मिळून केलेली. भारताने माणूस आणि गोल फिरणारे फवारे द्यायचे, आमच्या सरकारने पाइप घालायचा, कोठीने आपल्या कालव्यातलं पाणी आणि उसाच्या कडेची जमीन द्यायची आणि शेतकऱ्यांनी घाम गाळायचा. चौघांची भागीदारी. त्यातल्या तिघांनी भाषणं केली, म्हणून चौथा कोण ते लगेच ओळखता आलं. अट साधी होती. एक हंगाम कांदा करून दाखवा, पाणी जपून वापरा, रोज किती वेळ फवारा चालला ते कार्डावर लिहा. हंगामाच्या शेवटी दोन्ही सरकारांची माणसं पाहणीला येतील. ज्याचा तुकडा हिरवा दिसेल त्याला जमीन आणि पाणी दोन्ही कायमचं. ज्याचा वाळेल तिथे कोठी पुन्हा ऊस लावील.

पाइप काळा, मनगटाएवढा जाड, कालव्यापासून निघून आधी देवळाच्या झेंडूच्या वाफ्याजवळून, मग बारा शेतांच्या कडेने खाली आलेला. आम्ही त्याला क्रेओलमध्ये टियो म्हणायचो. माझ्या बाबांचा तुकडा तिसरा. काकीचा बारावा, अगदी शेपटाला.

भारतातून आलेल्या माणसाचं नाव आगाशे. उंच, चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशाला फाउंटन पेन. माणदेशातल्या दुष्काळी भागात वाढलेले. निघताना त्यांच्या बायकोने म्हणे त्यांना समुद्रावर घालायची टोपी घेऊन दिली होती. पहिल्या दिवशी आमच्या गावात जीपमधून उतरले, चहूकडे नजर फिरवली, बुटाने माती उकरली आणि म्हणाले, "अहो, हे तर आमचंच गाव. नुसता विमानप्रवास फुकट झाला."

गावात सगळे मराठी. साहेब मराठी. तरीही कचेरीतल्या मोठ्या साहेबांनी दुभाषा नेमायचं ठरवलं, कारण नियमात तसं होतं. "मराठी कोणाला येतं?" त्यांनी विचारलं. मी हात वर केला. मला येत होत्या तीन आरत्या, दोन झाकऱ्या, म्हणजे गणपतीत नाचत म्हणायची आमची गाणी, काकीच्या शिव्या आणि 'जेवलास काय' हा प्रश्न. पण दर शुक्रवारी सरकारी जीप गावाला जाणार होती आणि बसच्या दोन तासांपेक्षा जीप बरी. आज मी ही जी मराठी लिहितेय ती त्यानंतर शिकले, पुस्तकं मागवून, शिक्षकांच्या मागे लागून, आणि बरीचशी शरमेपोटी. पुढे तीस वर्षं शाळेत शिकवलीसुद्धा. माझ्या विद्यार्थ्यांना वाटायचं बाईंना भाषेचं भारी प्रेम. प्रेम नंतर आलं.

आगाशेंना मात्र माझी गरज वाटतच नव्हती. त्यांना बोलीभाषांचा कान होता, असं ते स्वतः सांगायचे. "कोकणातली जुनी बोली आहे यांची," जीपमध्ये ते मला समजावायचे, "शंभर वर्षांपूर्वीची. मला सगळं कळतं. तुम्ही फक्त बसा." मी बसायचे. ते शुद्ध मराठीत बोलायला लागले की मला चारातला एक शब्द कळायचा आणि मी मान डोलवायचे. जीपचा ड्रायव्हर सिरिल, सांत्र द फ्लाकचा. तो फक्त क्रेओल बोलायचा आणि आरशातून आम्हा दोघांकडे बघत राहायचा.

लागण होऊन पंधरा दिवस झाले होते. वरच्या शेतांत फवारे चिकचिक करत फिरत होते आणि काकीचा फवारा बगळ्यासारखा एका पायावर निमूट उभा होता. टियोच्या शेपटातून नुसती हवा यायची. आम्ही शुक्रवारी पोचलो तेव्हा काकी बांधावर कमरेवर हात ठेवून वाटच बघत होती.

"काय काकू, कसं काय? पोचलं ना सगळं व्यवस्थित?" आगाशे म्हणाले.

"कयचा पोचलां, सायब!" काकी कडाडली. "पेना दिलो! पंधरा रोज झाले, पेना दिलो!"

आगाशेंचा चेहरा उजळला. "पेनं दिली? वा! म्हणजे कार्डं पण मिळाली, पेनं पण मिळाली. आमच्याकडे हे व्हायला दोन वर्षं लागतात." ते माझ्याकडे वळून कौतुकाने म्हणाले, "बघा, दिली नाही म्हणत, दिलो. अगदी जुनं रूप आहे." मग काकीला म्हणाले, "मग आता अडलंय कुठे? भरा की!"

"भरू?"

"रोज भरा. सकाळ-संध्याकाळ भरा. एक दिवस चुकवायचा नाही."

ते कार्डाबद्दल बोलत होते. काकी पाण्याबद्दल बोलत होती. काकीने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलवली. देवाशपथ सांगते, मला तेव्हा दोन्ही बाजूंचं निम्मंनिम्मं कळलं होतं आणि दोन्ही निम्म्यांचा अर्थ ठीकच वाटत होता. काकी म्हणतेय पाणी नाही, साहेब काहीतरी भरा म्हणतायत. असेल काही उपाय.

उपाय काकीने दुसऱ्या दिवसापासून सुरू केला. सरकारने भरायला सांगितलं म्हणून तेलाचे दोन पत्र्याचे डबे घेतले, खांद्यावर बांबू टाकला आणि कालव्यापासून शेतापर्यंत पाणी वाहायला लागली. जायला दहा मिनिटं, यायला पंधरा, कारण येताना डबे भरलेले. सकाळी आणि संध्याकाळी. एक दिवस चुकवला नाही. बाबांनी तिला विचारलं, हे काय चाललंय, तर म्हणाली, "सायबान सांगलान भरा म्हणून. सातासमुद्रापलीकडना आलाय तो, काय उगाच सांगल?" वीस ओळींपैकी सहा ओळी तिने जगवल्या. बाकीच्या पातीचं टोक पिवळं पडलं, मग पांढरं.

पुढच्या शुक्रवारी आगाशेंनी कार्ड बघायला मागितलं. कोरं होतं. "काकू, हे भरलं नाहीत?"

"भरताव की सायब, रोज! खांदा गेला माझा. पण भरून किती पुरणार? पेना दिलो!"

"पेनं दिली, हे कळलं मला. मग लिहीत का नाही?"

"पेना दिलो!"

"हो, पण कुठे गेली मग?"

"तां मना काय इचारता? टियोला इचारा!"

आगाशे भला माणूस. त्यांना वाटलं, दिलेली पेनं कोणीतरी लांबवली आणि ही गरीब बाई नाव सांगायला घाबरतेय. ते जीपपाशी गेले, मागच्या पेटीतून बॉलपेनांचं एक अख्खं खोकं काढलं, निळं, झाकणवालं, न उघडलेलं, आणि दोन्ही हातांनी काकीच्या ओंजळीत ठेवलं. "घ्या. आता पेनांची कमी पडायची नाही. कोणाला घाबरायचं नाही."

काकीने खोक्याकडे पाहिलं. वाळलेल्या ओळींकडे पाहिलं. मग आगाशेंकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी तिच्या नवऱ्याच्या मयतालाही पाहिलं नव्हतं. खोकं काखेला मारून ती शेताकडे वळली.

तेवढ्यात मागून एक विचित्र आवाज आला. सिरिल स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत होता. त्याला मराठी येत नव्हतं, पण बाई पाणी नाही म्हणून ओरडते आणि साहेब तिला पेनं देतो, हे त्याला दिसत होतं. तो मला क्रेओलमध्ये म्हणाला, "मामझेल, या साहेबाला कोणी सांगितलंय का, दिलो म्हणजे काय ते?"

माझ्या डोक्यात एकदम सगळं सरळ झालं.

जीप गावाबाहेर उसाच्या रस्त्याला लागली तेव्हा मी आगाशेंना सांगितलं. सांगायला माझ्याकडे मराठी नव्हती म्हणून मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, आणि हेही सांगितलं की मला मराठी येत नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग हळू आवाजात म्हणाले, "आणि मी त्यांना काय सांगितलं? भरा?"

"भरा."

"रोज?"

"सकाळ-संध्याकाळ."

त्यांनी सिरिलला जीप वळवायला लावली. काकी कालव्यावर डबे बुडवत होती. आगाशेंनी बूट काढले नाहीत, बाह्या सारल्या नाहीत, तडक जाऊन तिच्या खांद्यावरचा बांबू स्वतःच्या खांद्यावर घेतला. दोन खेपा केल्या. शेतात पोचेपर्यंत निम्मं पाणी रस्त्यावर आणि पाव भाग पँटवर. तिसऱ्या खेपेला काकीने बांबू हिसकावून घेतला. "आयो, सायब, राहू दे! सरकारान तुमना दिलो वाचवूक धाडलान ना?" मला वाटतं, काकीने त्यांना माफ केलं ते तिथेच.

गावाने मात्र केलं नाही. गावाने त्यांचं नाव ठेवलं पेनासायब. मराठीत पेनांचा साहेब, क्रेओलमध्ये 'नाही' साहेब. दोन्ही भाषांत एकदमच बसणारं नाव आमच्या गावात त्याआधी कोणाला मिळालं नव्हतं.

त्यानंतर आगाशे खरे इंजिनिअर झाले. दाब मोजायचं यंत्र घेऊन टियोच्या कडेकडेने फिरले. कालव्यापाशी दाब भरपूर, शेपटाला शून्य. "मधे कुठेतरी पाणी जातंय," ते म्हणाले. पण कुठे? पाइप वीतभर मातीखाली. प्रत्येक शेतात ते गेले की मालक हसतमुखाने पुढे यायचा, चहा द्यायचा, आणि पाइपवर अगदी तिथेच उभा राहायचा. "कोरेक, सायब, सगळां कोरेक," म्हणायचा, म्हणजे सगळं ठीक. बाबासुद्धा तसेच उभे राहिले. मला तेव्हा वाटलं, बाबांना साहेबांचा किती आदर.

गणपती आले. आमच्याकडे गणपती म्हणजे वर्षाचं वर्ष त्या दिवसांवर उभं असतं. उसाच्या शेंड्यांचं मखर, झेंडूच्या माळा, संध्याकाळी झाकऱ्या. शब्द अर्धे कोणाला कळत नाहीत, पण चुकलेले कोणाला चालत नाहीत. त्या वर्षी झेंडू इतका फुलला होता की बघत राहावं. सगळा मुलूख करपलेला आणि देवळाचा वाफा पिवळाधमक. लोक म्हणाले, बाप्पाची कृपा. काकीने मात्र त्या वाफ्याकडे फार वेळ बघितलं.

विसर्जनाला अख्खं गाव समुद्रावर जातं. त्या वर्षी आगाशेंना पुढे घातलं होतं, डोक्यावर बायकोने दिलेली टोपी, कपाळाला गुलाल. मी काकीला बोलवायला गेले. ती नवं लुगडं नेसून, दारात बसून पेनांचं खोकं उघडत होती. शेजारी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या.

"काकी, मिरवणूक निघाली."

"निघू दे. आज शेतावर कोण नाय. चल माझ्यासंगं."

इतकी वर्षं झाली, पण त्या दुपारचा आवाज माझ्या कानात आहे. ढोल-झांजा लांब जात जात उसापलीकडे विरल्या. कुत्रीसुद्धा मिरवणुकीमागे गेलेली. आणि मग त्या रिकाम्या शेतांतून, जमिनीखालून, बारीक सुरात एक फुस्स ऐकू यायला लागलं. थोडं पुढे आणखी एक. आणखी एक. रोजच्या बोलण्याचालण्यात, हाकांत आणि खोकल्यांत ते कधी ऐकू आलंच नव्हतं. काकी कान जमिनीला लावून, नव्या लुगड्यात, रांगत पुढे सरकत होती.

पहिलं भोक अकराव्या शेतात. खिळ्याने पाडलेलं, वर दगड, दगडाखाली ओली माती, आणि शेजारी कोथिंबिरीचा टोपलीएवढा वाफा. कांद्याशी याचा काही संबंध नव्हता, घरापुरती कोथिंबीर. काकीने पेनाच्या शेपटाला ट्यूबची पट्टी गुंडाळली, भोकात खुपसली, दगडाने ठोकली. फुस्स बंद. दुसरं भोक मिरच्यांसाठी. तिसरं एका गायीच्या दोणीसाठी. कोणालाच आपण चोरी करतोय असं वाटलं नसणार. एक थेंबच तर घ्यायचा. बारा शेतांमधले अकरा एक-एक थेंब.

तिसऱ्या शेतात आलो. बाबांच्या. मी म्हटलं, "इथे काही नसेल." काकीने माझ्याकडे दयेने पाहिलं आणि दगड उचलला. बाबांचं भोक सगळ्यांत सुबक होतं, ड्रिलने पाडलेलं, त्याला लाकडी खुंटीसुद्धा होती, आणि पाणी जात होतं आईच्या गुलाबांना. मी ते पेन स्वतः ठोकलं. जरा जास्तच जोरात ठोकलं.

शेवटचं भोक देवळाच्या झेंडूपाशी. सगळ्यांत मोठं. तिथे काकी थांबली. हातात पेन, चेहऱ्यावर घोर विचार. समुद्राच्या बाजूने, अगदी पुसट, "मोरया" ऐकू आलं. काकीने हात जोडले. मग म्हणाली, "बाप्पा आता सोता समुद्रात बसलाय. त्याला हयचो दिलो कशाला?" आणि ठोकलं.

आम्ही खाली पळत आलो. काकी पासष्टीची, मी बावीसची, आणि ती माझ्यापुढे होती. फवारा तसाच उभा. आम्ही बघत राहिलो. टियो एकदा ढेकर दिल्यासारखा हलला. फवाऱ्याच्या तोंडातून थोडी माती आली, मग एक किडा, मग तांबडं पाणी, आणि मग तो वळला. चिक. परत थोडा वळला. चिक, चिक. मग लागला फिरायला. काकी सहा हिरव्या ओळींच्या मधे जाऊन मातीत बसली, नव्या लुगड्यासकट, आणि प्रत्येक फेरीला पाणी तिच्या तोंडावर येत होतं. ती रडत होती की ओली झाली होती ते मला कळलं नाही. मी मात्र रडत होते, मला ते आठवतं.

दुसऱ्या दिवसापासून गावात एक गंमत सुरू झाली. कोथिंबीर मान टाकायला लागली, गुलाब रुसले, गाय हंबरली. सगळ्यांना कळलं आणि कोणालाच बोलता येईना. ज्या भोकाचा मालक कोणी नव्हता ते बुजलं म्हणून तक्रार कोण करणार? बाबा जेवताना गंभीरपणे म्हणाले, "औंदा गुलाबाना कसला रोग पडला, समजत नाय." मी म्हटलं, "पेनाचा." ते ताटात बघत जेवत राहिले. आगाशेंनी शेपटाला दाब मोजला, यंत्र झटकलं, पुन्हा मोजला. काकीला विचारलं, काय केलंत? काकी म्हणाली, "सायबान पेना दिल्या, सायबाची किरपा." त्यांना वाटलं ती टोमणा मारतेय, आणि ते यंत्र उचलून निघून गेले.

वाळलेल्या ओळींत काकीने रोपं पुन्हा लावली, मागाहूनची, बारीक. पाहणीच्या दिवशी तिचा कांदा सगळ्यांत लहान होता पण हिरवा होता. दोन्ही सरकारांची माणसं आली, कोठीचा मॅनेजर आला. देवळाजवळ टेबल मांडलं, वर पांढरी चादर. मॅनेजरने कार्डं चाळली आणि काकीचं कार्ड वर धरलं. कोरं. "हिने एकही दिवस लिहिलेलं नाही. नियमाप्रमाणे हा तुकडा धरता येत नाही. आणि शेपटाला पाणी पोचतं याला पुरावा काय?"

आगाशे पांढरे पडले. ते पुढे होऊन इंग्रजीत काही सांगायला लागले. भारताकडून आलेल्या मोठ्या साहेबांनी त्यांना हाताने थांबवलं आणि काकीकडे वळून चांगल्या गोड मराठीत विचारलं, "आजी, कार्ड का नाही भरलंत? पेन नाही का?"

"पेना," काकी म्हणाली. म्हणजे, नाही.

"पेन आहे?"

"पेना!"

"मग दाखवा बरं कुठे आहे."

अख्खं गाव जमिनीकडे बघायला लागलं. आगाशेंनी माझ्याकडे पाहिलं. दुभाषा मी. नियमाप्रमाणे नेमलेली. आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी माझं काम केलं. जेवढी मराठी होती तेवढी गोळा करून म्हणाले, "काकी, सायब पेन बघूक मागतात. दाखव त्यांना."

काकीने माझ्याकडे पाहिलं. मग लुगडं खोचलं, टेबलाला वळसा घालून झेंडूच्या वाफ्यात गेली, वाकली, दगड बाजूला केला, आणि दोन्ही हातांनी ओढलं.

बाप्पाचं भोक सगळ्यांत मोठं होतं हे मी सांगितलंच आहे. पाणी माडाएवढं वर गेलं आणि टेबलावर आलं. आधी कोठीचा मॅनेजर भिजला, मग कार्डं, मग दोन्ही सरकारं. आगाशेंच्या चष्म्यावरून पाणी ओघळत होतं आणि ते जागचे हलले नाहीत. झेंडूच्या वाफ्यात उभी राहून, ओली चिंब, हातातलं निळं पेन वर धरून काकी म्हणाली, "पेना सायबान मना दिल्या. मी टियोला दिल्या. टियोन दिलो दिलो!"

मग मोठे साहेब रुमालाने तोंड पुसत म्हणाले, "आगाशे, दाब चांगला आहे." आणि कोटाखाली वाचवलेला जमिनीचा कागद पुढे सरकवला.

काकीला लिहिता येत नव्हतं आणि अंगठ्यासाठी आणलेली शाई पाण्यात विरघळून गेली होती. काकीने तेच पेन पदराला पुसलं, दोनदा झटकलं आणि कागदावर कांद्याएवढा एक गोल काढला. पेन चाललं. मग तिने ते नेऊन पुन्हा भोकात ठोकलं, कारण पाणी वाया जात होतं.

आगाशे जाताना मला विचारून गेले, "दिलो दिलो, यातलं पाणी कुठलं आणि देणं कुठलं?" नंतर इतकी वर्षं व्याकरण शिकवलं तरी मला आजही खात्री नाही.

काकीने त्या तुकड्यावर आणखी सोळा हंगाम कांदा काढला. परवा, आठ वाजून दहा मिनिटांनी, माझ्या नळाने खोकून खोकून थोडी माती टाकली, मग तांबडं पाणी, मग धार. मी कुंपणापाशी जाऊन शेजारणीला हाक मारली, "मादाम! दिलो!" ती दार किलकिलं करून मराठीत म्हणाली, "कोणी?"